मागें पडलेला मुलगा आणि फादरांची शाळा

घरांतील मुलगा आठवीच्या सुमारास अभ्यासांत अडखळूं लागला, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या बैठकींत एक सूचना हटकून निघते : 'त्याला फादरांच्या शाळेंत घाला, चुलतभाऊ तेथेंच पहिला आला ना? शिस्त लागली कीं हाही सुधारेल.' या शाळांची योग्यता आम्हांस मान्य आहे. पुण्याची सेंट व्हिन्सेंट १८६७ पासून व मुंबईची सेंट झेवियर्स १८६९ पासून विद्यादान करीत आहे. परंतु हुशार मुलास जी शाळा मानवली, ती मागें पडलेल्यासही मानवेल, हें आम्हांस पटत नाहीं.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, सगळ्याच कॅथॉलिक शाळा एका सांच्याच्या नव्हत. वरील दोन्ही शाळा जेसुइट संघाच्या. या संघानें १५९९ सालीं अध्यापनाची संहिता सिद्ध केली. तींत उजळणीस व विद्यार्थ्यांच्या परस्पर चढाओढीस मोठें स्थान होतें. माटुंग्याची डॉन बॉस्को शाळा सलेशियन संघाची. त्या संघाचे संस्थापक जॉन बॉस्को (१८१५–१८८८) यांनीं इटलींतील ट्यूरिन शहरीं गरीब व निराधार मुलांसाठीं कार्य आरंभिलें. शिक्षकानें मुलांत वावरून चूक घडण्यापूर्वींच त्यांस सांवरावें, शिक्षेवर भिस्त ठेवूं नये, ही त्यांची पद्धति. शिस्त म्हणजे छडी असें मानणाऱ्यांनीं हें अवश्य ध्यानीं धरावें. तथापि संस्थापकाचा हेतु आज प्रत्येक वर्गांत नांदत असेलच असें नाहीं. तो स्वतः जाऊन पाहावा.

मुख्याध्यापकांस पहिल्या आलेल्यांचीं नांवें विचारूं नयेत. तीं भिंतीवरील फलकावर असतातच. शेवटच्या पांच मुलांसाठीं शाळा काय करते, तें विचारावें. मुलगा मराठी माध्यमांतला असेल, तर अधिकच सावध राहावें. गणितांत कच्चा असलेल्यास तेंच गणित इंग्रजींतून शिकावयास लावणें म्हणजे एका ओझ्यावर दुसरें चढविणें होय.

आजीबाईंस धर्माची चिंता असते. राज्यघटनेच्या २८ व्या कलमानें सरकारमान्य शाळेंत पालकांच्या संमतीवांचून अज्ञान मुलास धर्मशिक्षणास वा उपासनेस बसवितां येत नाहीं. तेव्हां ती चिंता नसावी.

खरी चिंता निराळीच आहे. मुलगा मागें कां पडला, हें कोणी पाहिलें आहे काय? बुद्धि चांगली असूनही कित्येक मुलांस अक्षरें लावतांना व लिहितांना जन्मजात अडचण असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमानें ती अडचण मान्य केली असून परीक्षेंत जादा वेळ व लेखनिक यांची तरतूद केली आहे. अशा मुलास आळशी म्हणून नव्या शाळेंत लोटणें हा अन्याय होय. आधीं तज्ज्ञाकडून तपासणी करावी, मगच प्रवेशाचा अर्ज आणावा.

आणि ज्याच्यासाठीं ही सारी खटपट, त्यासही बैठकींत बसवावें. शिक्षा म्हणून धाडलेला मुलगा उत्तम शाळेंतही शिक्षाच भोगतो. आपल्या संमतीनें गेलेला निदान एक पाऊल स्वतः टाकतो. पुढील पावलांस गुरुजन हात देतील.