रियाधचा चषक आणि आपली टाळी

9 नोव्हेंबर 2024 च्या रात्री सौदी अरेबियातल्या रियाध शहरात कोको गॉफ नावाच्या वीस वर्षांच्या काळ्या पोरीने बायकांच्या टेनिसमधला वर्षअखेरचा सर्वांत मोठा चषक उचलला. वर्षभराच्या खेळातून निवडलेल्या फक्त आठ जणींची ही स्पर्धा. अंतिम सामन्यात समोर चीनची झेंग चिनवेन, त्याच वर्षीची ऑलिंपिक सुवर्णविजेती. पहिला सेट कोकोने 3-6 असा घालवला. दुसरा 6-4 ने काढला. तिसऱ्यात झेंग 5-4 वर सामना संपवायला सर्व्हिस करत होती. तिथून कोकोने सामना ओढून आणला आणि टायब्रेकमध्ये 7-2 असा हिसकावला. तीन तासांवर धुमश्चक्री चालली. त्याआधी तिने पहिल्या क्रमांकाच्या सबालेंकालाही झोपवलं होतं. बक्षीस 48 लाख डॉलर. बायकांच्या टेनिसमध्ये तोवर एका स्पर्धेतून एवढी रक्कम कुणीच घरी नेली नव्हती.

दोनच महिन्यांपूर्वी अमेरिकन ओपनमध्ये हीच पोरगी एका सामन्यात 19 डबल फॉल्ट करून बाहेर पडली होती. तेव्हा जाणकार म्हणवणाऱ्यांनी तिची सर्व्हिस चिरफाडीला घेतली. रियाधमध्ये तीच तोंडं तिच्या जिद्दीचे गोडवे गात होती. ते सोडा. पुढचा मामला जास्त महत्त्वाचा आहे.

आमच्या कट्ट्यावर या चषकावरून दोन तट पडले. एक दोस्त म्हणाला, काळी पोरगी जिंकली ना? मग वाजवा टाळ्या, फुकटचा काथ्याकूट कशाला? दुसरा म्हणाला, राजाच्या अंगणात खेळली, राजाचा पैसा घेतला, खल्लास! ती आता आपली नाही. मला दोन्ही मतं आळशी वाटतात. एकाला प्रश्न नको आहेत, दुसऱ्याला इतिहास नको आहे. 1972 साली मुंबईतल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते ओकलंडच्या काळ्या पोरांकडून. तेव्हा काळ्यांचं जिंकणं आपल्याला परकं नाही. आणि परकं नाही म्हणूनच ते तपासून घ्यायचा हक्क आपल्याला आहे.

आधी ही पोरगी कोण ते बघू. तिची आजी यव्हॉन ली ओडम. फ्लोरिडातल्या डेल्रे बीच गावात गोऱ्यांच्या सीक्रेस्ट हायस्कूलची पायरी चढलेली पहिली काळी विद्यार्थिनी. साल 1961. शाळांमधला वर्णभेद बेकायदा, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1954 सालीच दिला होता. म्हणजे निकाल कागदावरून उतरून त्या गावच्या वर्गात पोहोचायला सात वर्षं लागली, आणि पोहोचला तेव्हा त्याचं सगळं ओझं एका शाळकरी पोरीच्या दप्तरात होतं. मे 2020 मध्ये जॉर्ज फ्लॉइडला पोलिसाने गुडघ्याखाली चिरडून मारलं. त्यानंतर त्याच डेल्रे बीचमध्ये सोळा वर्षांच्या कोकोने माइक हातात घेतला. आजीने पन्नास वर्षांपूर्वी ज्यासाठी झगडा केला, त्याचसाठी आज मला उभं राहावं लागतंय याचं दुःख होतं, असं ती बोलली. आणखी एक गोष्ट ती बोलली. गप्प बसणारा जुलूम करणाऱ्याच्याच बाजूचा असतो, अशा अर्थाची. ही पट्टी मी आणलेली नाही. तिची तिनेच आखलेली आहे. रियाधला तीच लावायची.

आता पैशाचं बोलू. कारण पैशाचं नाव काढलं की आपल्याकडच्या पांढरपेशा शुद्धतावाद्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात. टेनिस हा क्लबांचा खेळ. हिरवळ गोऱ्यांची, कपडे पांढरे, सभासद गोरे. काळ्यांना दारातच अडवलं, म्हणून त्यांनी 1916 साली अमेरिकन टेनिस असोसिएशन ही स्वतःची संघटना काढली. 1950 साली अल्थिया गिब्सनला अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्यांदा घेतलं गेलं. 1957 साली तिने विम्बल्डन जिंकलं, 1958 साली पुन्हा. न्यूयॉर्कने तिची मिरवणूक काढली, कागदाचे तुकडे उधळले. आणि पुढे? हौशी खेळाडूंना तेव्हा बक्षिसाचा पैसा नव्हता. विम्बल्डनची राणी पोटासाठी हार्लेम ग्लोबट्रॉटर्सच्या बास्केटबॉल सामन्यांआधी प्रदर्शनी टेनिस खेळत फिरली. म्हातारपणी आजारी पडली, कफल्लक झाली. तेव्हा तिची दुहेरीतली जुनी जोडीदार अँजेला बक्स्टन हिने टेनिसवाल्यांकडून पैसे गोळा करून तिला सावरलं.

1968 साली आर्थर अ‍ॅश पहिली अमेरिकन ओपन जिंकला. तोही हौशी म्हणून नोंदलेला. त्यामुळे पहिल्या बक्षिसाचे 14 हजार डॉलर त्याने हरवलेल्या टॉम ओकरच्या खिशात गेले आणि जिंकणाऱ्याच्या हाती रोजचा भत्ता पडला. हौस ही ज्याच्या बापाची इस्टेट आहे त्याला परवडते. अ‍ॅशचा बाप रिचमंडमध्ये काळ्यांसाठी राखलेल्या मैदानाचा रखवालदार होता.

म्हणून कोको गॉफने 48 लाख डॉलर घेतले यावर नाक मुरडणाऱ्याला मी आधी अल्थियाचा हिशेब विचारतो. गरिबीत मेलेला नायक सगळ्यांना आवडतो. त्याचा पुतळा स्वस्तात होतो.

आणि या खेळात धुतल्या तांदळासारखा पैसा होता तरी कधी? 1970 साली नऊ बायकांनी पुरुषांच्या मंडळांशी भांडून, एकेका डॉलरच्या करारावर सह्या करून स्वतःचा दौरा उभा केला. त्याला पैसा पुरवला एका सिगारेट कंपनीने. 1972 पासून वर्षअखेरची स्पर्धा त्याच सिगारेटच्या नावाने भरू लागली. व्हर्जिनिया स्लिम्स. म्हणजे बायकांच्या मुक्तीचा चषक तंबाखूच्या धुरातून वर आला. 1975 साली आर्थर अ‍ॅशने डल्लासमध्ये ब्यॉर्न बोर्गला हरवून डब्ल्यूसीटी मालिकेची अंतिम स्पर्धा जिंकली. तीही त्या मालिकेची हंगामअखेरचीच. तिचा धनी लामार हंट, टेक्सासच्या तेलसम्राटाचा पोरगा. तेव्हा तेल डल्लासचं होतं, आता रियाधचं आहे. फरक आहे, मोठा आहे. पण तेल पहिल्यांदाच कोर्टावर सांडलं असा आव कुणी आणू नये.

फरक कुठे आहे? रियाधचा धनी कुणी शेठ नाही, तो राज्यकर्ता आहे. त्याच्या हातात तुरुंग आहे. 2018 च्या मे महिन्यात लूजैन अल-हथलूल या बाईला पकडलं. गुन्हा काय? बायकांना गाडी चालवायचा हक्क द्या, असं ती वर्षानुवर्षं बोलत होती. पुढच्याच महिन्यात सरकारने तो हक्क दिला आणि जगाकडून पाठ थोपटून घेतली. मागणारी आत, देणारा दयाळू! ती सुटली फेब्रुवारी 2021 मध्ये. त्याच 2018 च्या ऑक्टोबरात पत्रकार जमाल खशोगी इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत शिरला, तो बाहेर आलाच नाही. त्या देशात वीस लाखांहून जास्त भारतीय राबतात. कोकणातल्या कित्येक घरांची चूल तिथल्या मनिऑर्डरीवर पेटली. कफाला नावाच्या पद्धतीने या मजुरांचे राहण्याचे, नोकरी सोडण्याचे परवाने कित्येक दशकं मालकाच्या मुठीत ठेवले. रियाधच्या झगमगाटामागे कुणाचा घाम आहे हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

असं राज्य टेनिस का विकत घेतं? टेनिसच्या प्रेमापोटी? खेळाच्या साबणाने रक्ताचे डाग धुता येतात म्हणून. जानेवारी 2024 मध्ये ख्रिस एव्हर्ट आणि मार्टिना नवरातिलोवा या दोन जुन्या जेत्यांनी ही स्पर्धा सौदीत नेऊ नका म्हणून जाहीर लेख लिहिला. एप्रिलमध्ये तीन वर्षांचा करार झाला.

पण इथे एक गोम आहे. 2024 सालची या आठ जणींची एकूण बक्षीसरक्कम एक कोटी 52 लाख 50 हजार डॉलर. पुरुषांच्या तूरिनमधल्या वर्षअखेरच्या स्पर्धेचीही नेमकी तेवढीच. आदल्या वर्षी बायकांची स्पर्धा मेक्सिकोत कानकूनला घाईघाईने उभारलेल्या कोर्टावर झाली, रक्कम 90 लाख. खेळाडूंनी तिथल्या व्यवस्थेवर उघड संताप काढला. तेव्हा उदारमतवादी जगातला एकही भांडवलदार खिशात हात घालून पुढे आला नाही. म्हणजे बायकांना पुरुषांइतका दाम मिळाला तो राजाच्या तिजोरीतून. ज्यांनी समतेची किंमत वेळेवर मोजली नाही, त्यांनी आता कोकोला नीतीचे धडे द्यावेत? च्यायला, भलताच न्याय आहे!

आणि पुरुषांचं काय? ऑक्टोबर 2024 मध्ये, म्हणजे महिनाभर आधी, त्याच रियाधमध्ये सहा पुरुष खेळाडूंचा प्रदर्शनी तमाशा झाला. नावच 'सिक्स किंग्स', सहा राजे! जिंकणाऱ्या यानिक सिनरला 60 लाख डॉलर मिळाल्याचं छापून आलं. कोकोपेक्षा जास्त, तेही ज्याला गुणही नाहीत अशा खेळासाठी. राफाएल नदाल तर त्याच वर्षी सौदी टेनिसचा दूत झाला. टीका झाली, नाही असं नाही. पण सदसद्विवेकाची तोंडी परीक्षा घेतली गेली ती बायकांची, आणि त्यातही काळ्या बाईची जास्त. गोरा पुरुष खेळतो तेव्हा तो फक्त खेळतो. काळी पोरगी खेळते तेव्हा तिने खेळायचंही आणि जगाचा जाबही द्यायचा. ही विषमता ज्याला दिसत नाही, त्याने कोकोवर बोट उगारू नये.

मग काय, कोकोला मोकळं सोडायचं? नाही.

स्पर्धेआधी ती गप्प नव्हती, हे मी तिच्या बाजूने नोंदवतो. आपल्या मनात शंका होत्या, सौदी बायकांशी आपण बोललो, नुसतं खेळून निघून जायचं नाही, असं तिने सांगितलं. मात्र खेळामुळे दारं हळूहळू उघडतात, हाही सूर तिने लावला. हा 'हळूहळू' मला खुपतो. 1963 साली मार्टिन ल्यूथर किंगने बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून पत्र लिहिलं ते अशा 'हळूहळू'वाल्या गोऱ्या पाद्र्यांना उत्तर म्हणूनच. हळूहळू हा शब्द उच्चारायचा अधिकार कोठडीतल्या माणसाचा. पाहुण्याचा नाही.

राजाच्या अंगणात जावं की जाऊ नये, हा वाद जुना आहे. 1971 साली इव्होन गुलागाँग ही ऑस्ट्रेलियाची आदिवासी पोरगी, मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्याची लेक, दक्षिण आफ्रिकेत खेळायला गेली. वर्णद्वेषी सरकारने तिला कागदोपत्री 'मानद गोरी' ठरवलं. मानद गोरी! शिवी परवडली. 1974 आणि 1976 साली तिने व्हर्जिनिया स्लिम्सचा वर्षअखेरचा चषक जिंकला. त्या जिंकण्याला कुणाच्या मानाची गरज नव्हती.

आर्थर अ‍ॅशला त्याच सरकारने आधी व्हिसा नाकारला. 1973 साली मिळाला, तो गेला. प्रेक्षकांत गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या रांगा नकोत, अशी अट घालून गेला. तिथल्या काही काळ्यांनी त्याला तोंडावर सुनावलं, की तुझ्या येण्याने सरकारचंच फावतं. आणि तिथेच अलेक्झांड्रा वस्तीतला मार्क मथाबाने नावाचा एक पोरगा त्याच्याकडे डोळे फाडून बघत होता. त्याने उभ्या जन्मात मोकळा काळा माणूस पाहिला नव्हता. तो पोरगा पुढे टेनिसच्याच जोरावर अमेरिकेत शिकला आणि वर्णद्वेषावर पुस्तक लिहून गेला. सुनावणारे चूक नव्हते. बघणारा पोरगाही चूक नव्हता. अ‍ॅशचं मोठेपण हे, की त्याने दोघांचंही ऐकलं. 1983 साली हॅरी बेलाफाँटेबरोबर त्याने वर्णद्वेषाविरुद्ध कलावंत-खेळाडूंची संघटना उभारली. 1985 साली वॉशिंग्टनमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीसमोर निदर्शनं करताना हातात बेड्या घालून घेतल्या. तो गेला, बघून आला, आणि परत आल्यावर तोंड उघडलं. एकट्याने नाही, संघटना करून.

माझं मत या शेवटच्या शब्दावर उभं आहे. 2025 साली कोको पुन्हा रियाधला गेली. या खेपेस गटातच बाद झाली. चषक एलेना रिबाकिनाने नेला, रक्कम 52 लाखांवर चढली. एक पोरगी येते, एक जाते. राजाचं दुकान चालूच. एकट्या कोकोने बहिष्कार टाकला असता तर तिची जागा नवव्या क्रमांकाच्या बाईने घेतली असती. पण खेळाडूंच्या संघटनेला हात आहेत. डिसेंबर 2021 मध्ये याच डब्ल्यूटीएने पेंग श्वाय या चिनी खेळाडूसाठी चीनमधल्या सगळ्या स्पर्धा थांबवल्या होत्या. 2023 साली मागण्या पुऱ्या न होताच माघार घेतली, हेही खरं. पण थांबवता येतं, हे त्यांनीच दाखवलं. समान दाम मिळाला, आता समान आवाज काढा. आठ जणींनी मिळून एक वाक्य बोललं तरी राजाचा साबण संपतो.

म्हणून दोस्तांनो, टाळी वाजवा. 5-4 वर मागे असताना न डगमगणाऱ्या त्या मनगटासाठी कडाडून वाजवा. ती टाळी यव्हॉन ओडमची आहे, अल्थियाची आहे. पण टाळी वाजवताना दोन्ही हात गुंततात. राजाला सलाम ठोकायला एकही मोकळा ठेवू नका.