रंगरूट आणि बढती

सुट्टीत वाशिमला आलेला आमचा भाचा संगणकावर ‘एक्सकॉम’ नावाचा लढाईचा खेळ खेळतो. आम्हीही शेजारी बसून पाहिला. नवा सैनिक रंगरूट म्हणून येतो. शत्रू टिपला, मोहीम पार पडली की अनुभव जमतो, बढती मिळते. कॉर्पोरल, सार्जंट करत गडी थेट कर्नल! मेला तर मात्र सारा अनुभव गेला, पुन्हा कोरा रंगरूट. म्हणून भाचा जुन्या सैनिकाला जिवापाड जपतो. जात विचारायचा प्रश्नच नाही.

आम्हाला आपले वाडवडील आठवले. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई पिढ्यान्‌पिढ्या लढले. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार झाले, महूच्या लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले. त्याच्या फार वर वाट नव्हतीच; वरचे अधिकारी गोरे. पुढे १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी ‘लढवय्या जाती’ ठरवल्या आणि महारांची भरतीच थांबवली. बापाचा अनुभव पोराच्या कामी येऊ दिला नाही. पेन्शनर गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ ला, बेळगावात.

भाच्याने खेळ थांबवून ऐकले. म्हणाला, “मामा, इतके कसलेले शिपाई कोणी घालवते का? असा खेळणारा दुसऱ्याच मोहिमेत हरेल.”