पाटी न लावता मारलेली गाडी



मागच्या बैठकीत मी गाडीचा विषय काढला तर आपल्यातलाच एक शिकलेला कार्यकर्ता हसला. म्हणाला, "आरक्षणाचा प्रश्न पडला आहे, अत्याचाराच्या केसेस पडल्या आहेत, अन् तू कायले एका गाडीचं रडगाणं घेऊन बसला बे?" त्याच्याकडे मोटारसायकल आहे. हे त्याच्यासाठी लिहितो आहे, आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी.

गाडी कोणती ते आधी सांगतो. ऊर्जानगर-दुर्गापूरच्या मागच्या वस्तीवरून पहाटे निघून चंद्रपूरला जाणारी आणि अंधार पडल्यावर परत येणारी. दिवसातून दोनच खेपा. ती चालवणारं कोण, साहेब कोण, हे मी मुद्दाम लिहीत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे हात झटकून मोकळे होतात, आणि हा रोग एका साहेबाचा नाही. ती गाडी आता येत नाही. कोणत्या तारखेपासून येत नाही हे वस्तीत कोणालाच सांगता येत नाही, कारण बंद झाली असं कोणी सांगितलंच नाही. आधी संध्याकाळची खेप चुकू लागली. मग सकाळची वीस मिनिटं आधीच निघून जाऊ लागली. मग एक दिवस आली, दोन दिवस नाही. बाया तास तास उभ्या राहिल्या. "येईन का जी गाडी?" "कोणाले मालूम बाप्पा." शेवटी पदर खोचून ऑटोत दाटीवाटीनं बसल्या. आठ-पंधरा दिवसांत थांब्यावर कोणी उभं राहीनासं झालं. आणि मग वरून उत्तर आलं : त्या फेरीला प्रवासीच नाहीत.

थांबा म्हणतो तोही सवयीनं. तिथं एक कडुलिंब आहे आणि त्याच्याखाली एक दगड. पाटी नाही, वेळापत्रक नाही, गाडीचा नंबर नाही. त्या गाडीची वेळ ड्रायव्हरला माहीत, कंडक्टरला माहीत आणि कॉलनीत धुणीभांडी करणाऱ्या दहा-बारा बायांना माहीत. शेजारच्या गल्लीत खोली करून राहणाऱ्या ठेक्यावरच्या मजुराला विचारलं तर तो म्हणतो, अशी गाडी होती? मी कागदाच्या गिरणीत कंत्राटावर राबतो. माझ्या डोळ्यांपुढून रोज कागदाचे रीळ जातात, एकेक माणसाहून मोठा. त्यातला एक ताव त्या कडुलिंबाला चिकटवायचं कोणाला सुचलं नाही.

आणि हिशोब मात्र पक्का ठेवतात. त्यांच्या भाषेत त्याला भारमान म्हणतात. गाडीत जागा किती आणि बसले किती. हा आकडा खोटा नसतो, म्हणूनच त्याच्याशी भांडणं जड जातं. पण ज्या गाडीची खबरच दिली नाही तिच्यात माणसं का बसली नाहीत असं विचारणं म्हणजे घराला बाहेरून कडी घालायची आणि पंगतीला का आला नाहीस म्हणून झापायचं. आपल्या बापजाद्यांना ही रीत चांगली ठाऊक होती. शाळेत बसू द्यायचं नाही आणि मग म्हणायचं, यांना विद्येची गोडीच नाही. नोकरीच्या जाहिरातीची खबर लागू द्यायची नाही आणि मग फायलीवर लिहायचं, लायक उमेदवार मिळाला नाही. अनुशेषाची ती फाइल आणि भारमानाचा हा कागद एकाच टेबलावरून निघतात.

आता कायद्याचं. १९५० चा मार्ग परिवहन महामंडळ कायदा आहे. एसटी त्याच कायद्याखाली चालते. त्याचं कलम २२ सांगतं की महामंडळानं धंद्याच्या तत्त्वावर काम करावं. साहेबलोकांना हे कलम तोंडपाठ असतं. त्याच कायद्यात चार कलमं आधी, कलम १८ आहे. लोकांना पुरेशी, परवडणारी, नीट जुळवलेली वाहतूक मिळवून देणं हे महामंडळाचं कर्तव्य आहे असं त्यात म्हटलं आहे. ते मात्र कोणाच्या तोंडी कधी ऐकलं नाही. अठरा आधी येतो की बावीस?

एसटीचं गाडं कसं उतरणीला लागलं तेही बघा. कोरोनाच्या आधी महामंडळाकडे सुमारे १८ हजार गाड्या होत्या. २०२४ पर्यंत त्या १५ हजारांच्या आसपास आल्या. मधे ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ कामगारांचा संप झाला. संप मिटला, कामगार कामावर गेले, पण खेड्यापाड्यातल्या कितीतरी फेऱ्या परत आल्याच नाहीत. संपाला शिव्या देणाऱ्यांच्या पंगतीत मी बसणार नाही. मीही कामगार आहे. त्यांनी पोटासाठी संप केला. पण बंद पडलेली फेरी पुन्हा सुरू करायची वेळ आली तेव्हा आधी कोणाची सुरू झाली आणि कोणाची राहून गेली, हे तालुक्या-तालुक्यात तपासा. मोठ्या रस्त्यावरची, शहर-ते-शहर गाडी उभी राहिली. आतल्या रस्त्याची राहिली. आतल्या रस्त्याला कोण राहतं ते तुम्हाला मी सांगायला पाहिजे असं नाही.

१७ मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्या म्हाताऱ्यांना २०२२ पासून फुकट आहे. बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेचा पास फुकट आहे. चांगलं आहे, मी त्याला नावं ठेवत नाही, ही सवलत लढून मिळाली असती तरी आपण गुलाल उधळला असता. पण आमच्या वस्तीतली आजी म्हणते, "अर्धं तिकीट कशाचं फाडू जी, ऑटोचं?" सवलतीचा फलक चौकात लागतो, मंत्र्याच्या फोटोसकट. गाडीच्या वेळेचा फलक लावायला फोटो लागत नाही, म्हणून तो लागत नाही.

आणि हे कुठं चाललं आहे? ऊर्जानगरात. २९२० मेगावॅटच्या वीज केंद्राच्या दाराशी. इथं कोळशाला रेल्वे आहे. पाण्याला इरई धरणापासून सोय आहे. विजेला तर १९९९ पासून चंद्रपूरहून थेट मुंबईच्या अंगणात, पडघ्यापर्यंत, सुमारे साडेसातशे किलोमीटरची खास तार आहे. तिला वाटेत कोणी भारमान विचारत नाही. राख आम्हाला, धूर आम्हाला, आणि सहा-सात किलोमीटरवरच्या चंद्रपूरला भांडी घासायला जाणाऱ्या बाईला गाडी नाही. ती सकाळी साडेपाचला निघते. सहा घरं करते. ऑटोचे जाण्यायेण्याचे पैसे काढले तर एका घराची पूर्ण मजुरी रस्त्यावरच सांडते. ते पैसे वाचवायला ती पायी निघते.

पायी निघणं म्हणजे काय ते नागपूर-पुण्याच्या वाचकाला सांगावं लागेल. ताडोबाचं जंगल इथून दूर नाही. फेब्रुवारी २०२२ मधे वीज केंद्राच्या आवारात ड्युटीवरून परतणाऱ्या एका कामगाराला वाघानं मारलं. लगेच दुसऱ्या दिवशी दुर्गापुरात एका सोळा वर्षांच्या पोराला बिबट्यानं उचललं. गाडी असती तर ते वाचले असते असं मी म्हणत नाही, मेलेल्या माणसांना मी माझ्या लेखात साक्षीदार म्हणून उभं करणार नाही. पण ज्या रस्त्यावर वनखातं अंधारात एकट्यानं फिरू नका म्हणून सांगतं, त्याच रस्त्यावरची अंधारातली गाडी तुम्ही तोट्याची म्हणून काढता. हे दोन साहेब एकमेकांशी बोलतात का? का दोघांच्याही घरच्या भांड्याला तीच बाई येते, आणि ती वेळेवर पोचते एवढंच त्यांना माहीत आहे?

आता जो हसला त्याच्याकडे वळतो. बाबासाहेब १९२९ साली चाळीसगावला उतरले तेव्हा टांगेवाल्यांनी अस्पृश्याला टांग्यातून न्यायला नकार दिला. बाबासाहेब तेव्हा सरकारी समितीवर होते. टांगा हाकायची सवय नसलेल्या आपल्याच एका माणसानं टांगा हाकला आणि तो उलटला, बाबासाहेब जबर जखमी झाले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे, किरकोळ म्हणून सोडून दिलं नाही. पुढं १९५५ चा अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा आला, त्यात सार्वजनिक वाहनात बसू न देणं गुन्हा ठरला. बसायचा हक्क मिळाला. गाडीच काढून घेतली तर कोणत्या कलमाखाली तक्रार करायची, ते त्या कायद्यात नाही. जातीचं नाव न घेता काम झालं, कोणाला अटक नाही.

त्याच १९५५ च्या डिसेंबरात अमेरिकेत माँटगोमेरीच्या काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला. ३८१ दिवस पायी चालले. इकडे १६ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या चांद्यात बाबासाहेब दीक्षा देत होते तेव्हा तिकडे ते लोक चालतच होते. त्यांचा बहिष्कार लागू पडला कारण बस कंपनीला त्यांच्या पैशाची गरज होती. आपल्या पोरांना हा इतिहास फार आवडतो, भाषणात येतो. पण इथं तो चालणार नाही. इथं आपण गाडीत बसूच नये हीच त्यांची इच्छा आहे. आपण चढलो नाही की त्यांचा कागद पूर्ण होतो. म्हणून आपल्याला उलटं करावं लागेल. गाडी मागावी लागेल आणि मग भरावी लागेल.

पहिली गाडी कशी येते ते आपण पाहिलं आहे. गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्यात गर्देवाड्याला १ जानेवारी २०२५ ला पहिल्यांदा एसटी सुरू झाली, स्वातंत्र्याला ७७ वर्षं झाल्यावर, मुख्यमंत्र्यांच्या हस्ते. तिथल्या आदिवासींचा आनंद खरा आहे, त्यात मी मीठ टाकत नाही. माझं म्हणणं एवढंच की ती गाडी पाच वर्षांनी धावते का हे बघायला कॅमेरा जाणार नाही, आपणच जायला पाहिजे.

काम असं आहे. थांब्यावर महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ एकानं वही घेऊन उभं राहायचं. किती माणसं कुठं जायला निघाली, ऑटोत गेली की पायी, एवढंच लिहायचं. मोटारसायकलवाल्यांनी संध्याकाळची पाळी घ्यावी. दुर्गापूर आणि ऊर्जानगर या दोन्ही ग्रामपंचायतींच्या ग्रामसभेत फेरीचा ठराव मांडायचा, बायांना पुढं बसवून. आणि माहिती अधिकाराचा अर्ज : या फेरीचं गेल्या तीन वर्षांचं भारमान, किती दिवस ती रद्द केली, बंद करायचा हुकूम कोणाच्या सहीचा, आणि प्रवाशांना कळवण्यासाठी काय केलं त्याची नक्कल. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्याला तीही नाही. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. शेवटच्या प्रश्नाला ते काय उत्तर देतात ते मला बघायचं आहे.

अर्जाचा मसुदा याच अंकाच्या शेवटच्या पानावर स्टेन्सिल कापून दिला आहे. पान फाडून घ्या. पाठकोऱ्या बाजूला वेळापत्रकाचा तक्ता आखून ठेवला आहे, वेळेचे रकाने रिकामे आहेत. गाडी सुरू झाली की भरून कडुलिंबाला लावायचा. खिळे माझ्याकडे आहेत.