जॉब कार्डवर नसलेला प्रश्न

गाडी सर्व्हिसिंगला आली की गॅरेजमधला पोरगा जॉब कार्ड भरायला घेतो. किलोमीटर किती झाले, टाकीत डिझेल किती, पोचा कुठे, ओरखडा कुठे, स्टेपनी आहे का, जॅक-पाना आहे का. खाली गिऱ्हाईकाची तक्रार: 'पिकअप नाही', 'ब्रेक मारल्यावर आवाज', 'एसी गार पडत नाही'. गाडी आली कशी हे सगळं लिहून होतं. इथून ती जाणार कुठे, हे मात्र कोणी विचारत नाही.

आजवर विचारायची गरजही पडली नाही. महाराष्ट्रातल्या गॅरेजचं वर्ष पावसाळ्याभोवती फिरतं. मे महिन्यात वायपर, ब्रेक, टायर आणि अंडरकोटिंगची गर्दी होते. जून-जुलैत पाणी शिरलेल्या गाड्या टो होऊन येतात. थंडी म्हणजे निफाडचा पारा घसरल्याची बातमी, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गोठलेलं दव आणि सकाळी सेल्फ दोनदा जास्त मारावा लागणं. फार तर बॉनेटखाली ऊब शोधत आलेल्या उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. एवढ्यासाठी गाडीची वेगळी तयारी कशाला, असं एखादे मेस्त्री म्हणाले तर त्यांचं काही चुकत नाही. चुकतं ते गाडी महाराष्ट्राबाहेर निघाली की.

3 ऑक्टोबर 2020 रोजी रोहतांगच्या पोटातून जाणारा 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला. त्याआधी हिवाळ्यात रोहतांग खिंड बंद झाली की लाहौल खोरं कित्येक महिने मनालीपासून तुटायचं. आता नाताळच्या सुट्टीत मैदानी भागातली गाडी बोगद्यातून थेट बर्फात उतरते, आणि त्या रांगेत MH-12, MH-15, MH-09 या पाट्याही असतात. गाडीचं शेवटचं सर्व्हिसिंग झालेलं असतं पुण्यात, नाशकात किंवा कोल्हापुरात. इथल्या सौम्य हवेत सुटलेली ही गाडी तीन-चार दिवसांनी रात्रभर उणे तापमानात उघड्यावर उभी राहणार असते, आणि ज्याने तिचं बॉनेट शेवटचं बंद केलं त्याला याचा पत्ता नसतो.

सुरुवात रेडिएटरपासून करू. टाकी कमी दिसली की पाण्याची बाटली ओतायची ही आपल्याकडची जुनी सवय. इथल्या हवेत ती खपून जाते; गंज धरतो, पण तोही सावकाश. पाणी गोठताना मात्र सुमारे 9 टक्के फुगतं. बंद इंजिनात, बंद नळ्यांत फुगायला जागा नसते. रेडिएटरची नळी फाटली तर स्वस्तात सुटलं म्हणायचं. ब्लॉकला चीर गेली तर सहल आणि इंजिन दोन्ही संपलं. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर मिश्रण उणे 37 अंशांच्या आसपास गोठतं. कोणी म्हणेल, मग पाणी घालूच नये, नुसतं कूलंट भरावं. तोही घोटाळाच. शुद्ध ग्लायकॉल उणे 13 च्या सुमारास गोठतं, आणि वरचेवर पाणी ओतून पंचवीस टक्क्यांवर आलेलं पातळ मिश्रणही साधारण उणे 12 लाच. डोळ्यांना दोन्ही हिरवीच दिसतात. रंग पाहून कूलंटचा निवाडा करणाऱ्या गॅरेजने काचेवर एक थेंब टाकून वाचायचा रिफ्रॅक्टोमीटर एकदा घेऊन ठेवावा. तपासणी मिनिटभरात होते आणि आकडा गिऱ्हाईकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतो.

बॅटरीचं दुखणं आणखी फसवं. पारा शून्यावर आला की लेड-ॲसिड बॅटरीची ताकद साधारण एक-तृतीयांशाने घटते, उणे 18 ला ती निम्म्याच्याही खाली जाते. त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जास्त करंट लागतो. आपल्या उकाड्यात तीन उन्हाळे काढलेली बॅटरी इथे एका किल्लीत गाडी चालू करत असते, म्हणून ती बरी वाटते. हायड्रोमीटरचा फुगा दाबून सोडला आणि काचेच्या नळीतला तरंगता मणी 1.250 च्या वर थांबला तर बॅटरी खरोखरच भरलेली आहे. असं ॲसिड उणे 50 पर्यंतही गोठत नाही. मणी 1.120 च्या आसपास बुडाला तर तेच ॲसिड उणे 10 च्या सुमारास गोठू लागतं आणि खोकं फुगून फुटतं. सहा घरांपैकी एकाच घरात मणी बुडत असेल तर चार्जिंगच्या नादाला न लागता बॅटरी बदलायला सांगावी. मेंटेनन्स-फ्री बॅटरीत मणी बुडवायची सोय नाही. तिथे गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मल्टिमीटर लावावा: 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे जेमतेम निम्मी.

ऑइलच्या डब्यावरचं 'डब्ल्यू' हे अक्षर प्रत्येक मेकॅनिकच्या हाताखालून रोज जातं. ते विंटरचं. 15डब्ल्यू-40 ऑइलची थंड इंजिन फिरवण्याची चाचणी उणे 20 ला होते, 5डब्ल्यू-30 ची उणे 30 ला. लाहौलला दोन रात्री काढायच्या तर 15डब्ल्यू चालून जाईल. जानेवारीत लेहला मुक्काम असेल तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये बसणारा खालचा ग्रेड पाहायला हवा.

डिझेलवाल्यांसाठी एक वेगळा रकाना हवा. डिझेलमध्ये मेण असतं. थंडीत त्याचे कण जमतात आणि फिल्टर बुजतो. भारतीय मानक आयएस 1460 प्रमाणे फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा उन्हाळी डिझेलला 18 अंश आणि हिवाळी डिझेलला 6 अंश आहे. ही मर्यादा मैदानी हिवाळ्याचा विचार करून ठरलेली, हिमालयातल्या रात्रीचा नव्हे. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर 2019 मध्ये खास हिवाळी डिझेल आणलं. ते उणे 33 अंशांपर्यंत ओततं राहतं. म्हणजे गिऱ्हाईकाला सांगायचं ते एवढंच: खालून टाकी काठोकाठ भरून वर जाऊ नका, अर्धी टाकी रिकामी ठेवा आणि वरच्या भागात मिळणारं डिझेल भरा. पूर्वी ट्रकवाले डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचे. जुन्या पंपांनी ते सोसलं. कॉमन रेलच्या पंपाला डिझेलचंच वंगण लागतं. रॉकेलने ते पातळ होतं आणि पंपाचं बिल सहलीच्या खर्चावर जातं. बीएस-6 डिझेल गाडीत युरियाचं द्रावण असेल तर ते उणे 11 ला गोठतं. टाकीला हीटर असतो आणि द्रावण वितळलं की काम सुरू होतं, हे मालकाला आधी सांगितलेलं बरं. नाहीतर रात्री अकराला व्हिडिओ कॉल ठरलेला.

टायरच्या हवेत दोन उलटे हिशेब एकत्र येतात. थंडीने दाब उतरतो, दर साडेपाच-सहा अंशांमागे साधारण एक पीएसआय. उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्याने गेजवरचा आकडा चढतो. पुण्यात भरलेली 33 पीएसआय हवा लाहौलमधल्या सिस्सूला सकाळी किती दाखवेल हे इथे बसून सांगण्यात अर्थ नाही. तिथे थंड टायरवर तपासायला सांगावं आणि डिक्कीत गेज द्यावा. साखळीचंही तसंच. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीला ती पुढेच चढते, आणि बर्फात गुडघे टेकून मालक नेमकी मागच्या चाकांना गुंडाळत बसतो. गॅरेजच्या फरशीवर एकदा त्याच्याच हातून चढवून घेतली तर ही फजिती टळते. रात्री हँडब्रेक ओढून गाडी उभी केली की ओली केबल गोठते आणि सकाळी चाकं सुटत नाहीत. गिअरमध्ये टाकून चाकाखाली दगड लावायची पहाडी ड्रायव्हरांची रीत त्यातूनच आली.

इथवरच्या चुका खिशाला बसतात. पुढची जिवाला.

जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या गावी बर्फ पाहायला आलेल्या हजारो गाड्या एका रात्रीच्या हिमवादळात अडकल्या. वीसहून अधिक माणसं गाड्यांतच गेली. त्यात लहान मुलंही होती. अशा वेळी ऊब म्हणून इंजिन चालू ठेवलं जातं, बर्फाने सायलेन्सरचं तोंड बुजतं आणि धूर गाडीखाली साचून आत शिरतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. अडकलेल्याने सायलेन्सरभोवतीचा बर्फ उकरत राहावं, तासाला दहाएक मिनिटंच इंजिन चालवावं, वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी. हे मालकाला सांगता येईल. गाडीच्या तळातून धूर आत येणार नाही याची खात्री मात्र गॅरेजनेच करायची आहे. मॅनिफोल्डचं गॅस्केट, सायलेन्सरची भोकं, फ्लेक्सिबल पाइप, डिक्कीचं रबर, फरशीतून वायर काढताना पडलेलं आणि बूच न लावलेलं भोक. 'थोडा आवाज येतो, चालेल' म्हणून सोडून दिलेला सायलेन्सर इथल्या रस्त्यावर खरंच चालतो. बर्फात अडकलेल्या गाडीत तो चालत नाही.

हेच विष बंद खोलीतही तसंच काम करतं. जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक गॅस हीटर लावून, खिडक्या बंद करून एका खोलीत झोपले आणि सकाळी उठलेच नाहीत. अमेरिकेत टेक्सासमध्ये फेब्रुवारी 2021 च्या गारठ्यात वीज गेली तेव्हा काही लोकांनी ऊब मिळावी म्हणून घराला लागून असलेल्या बंद गॅरेजमध्ये गाड्या चालू केल्या. त्या आपत्तीत सरकारी मोजणीप्रमाणे 246 जण गेले. बहुतेक थंडीने, पण त्यात कार्बन मोनॉक्साइडचे बळीही आहेत. आपल्याकडे हिवाळ्यात गॅस गिझर लावलेल्या कोंदट बाथरूममधून येणाऱ्या बातम्यांमागेही तोच वायू असतो. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावला तर हा धोका टळतो.

आणि मेस्त्री स्वतः? डिसेंबरच्या सकाळी गारठा लागतो म्हणून शटर अर्धं खाली ओढायचं आणि आत गाडी आयडलिंगला सोडायची, हे दृश्य कुठल्याही आळीत दिसतं. बीएस-6 गाडीचा धूर स्वच्छ असतो ही समजूत तेव्हा नडते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंश तापल्यावरच कामाला लागतो. थंड इंजिनाची पहिली काही मिनिटं धूर जवळजवळ तसाच बाहेर पडतो. दिवसभर डोकं दुखतं, पोराला मळमळतं, आणि दोष जातो सकाळच्या वड्याला. शटर पूर्ण वर, नाहीतर सायलेन्सरला नळी लावून धूर बाहेर.

परदेशात याचे नियम झाले आहेत. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. सात अंशांखाली साधं रबर कडक होतं, हिवाळी टायरचं रबर मऊ राहतं, हे त्यामागचं कारण. माँट्रियलला राहणाऱ्या मराठी माणसाला नोव्हेंबरमध्ये टायर बदलायची वेळ ठरवून घ्यावी लागते, जशी इथे दिवाळीआधी शिंप्याकडे. आपल्याकडे अशी सक्ती नाही आणि पुण्यात हिवाळी टायर विकत घ्या असं कोणी सांगणारही नाही. आपल्याकडे आधार उरतो तो गॅरेजवाल्याने दोन मिनिटं केलेल्या बोलण्याचा.

या बोलण्याचे पैसे मिळतात का, असं काही वाचक विचारतील. कूलंट तपासणी, बॅटरी तपासणी, सायलेन्सरची पाहणी, साखळी चढवण्याचा सराव आणि डिक्कीत द्यायचं सामान असा एक 'हिमालय चेकअप' ठरवून दर लावता येतो. सामान म्हणजे जंपर केबल, टो दोरी, टॉर्च, छोटं फावडं, ब्लँकेट, काच खरवडायची पट्टी आणि वॉशरच्या टाकीत न गोठणारं द्रावण. पावसाळी चेकअप गिऱ्हाईक मागून घेतात, कारण वर्षानुवर्षं गॅरेजवाल्यांनीच त्यांना ती सवय लावली.

या अंकाच्या मधल्या पानावर जॉब कार्डचा सुधारित नमुना दिला आहे. फाडून त्याच्या झेरॉक्स काढता येतील. किलोमीटरच्या खाली दोन नवे रकाने आहेत, 'गाडी कुठे जाणार?' आणि 'निघायची तारीख'. निघायच्या आदल्या संध्याकाळी आलेल्या गाडीचं कूलंट बदलता येतं, पण बॅटरी रात्रभर उभी ठेवून सकाळी मोजायची आणि कमी भरली तर बदलायची म्हटली की दोन दिवस लागतात. म्हणून तारखेचा रकाना ठिकाणाच्या शेजारीच ठेवला आहे.