व्हॅनचा मेंदू बदलण्याआधी

आमच्या जसोंडीकडे घरची गाडी म्हटली की ओम्नी नाहीतर ईको. वऱ्हाड न्यायचे, बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात आजारी माणूस पोहोचवायचा, परतताना खताची पोती आणायची. सगळी कामे तिचीच. मारुतीची व्हॅन 1984 मध्ये आली, पुढे ओम्नी झाली आणि 2019 मध्ये थांबली. 2010 मध्ये आलेली ईको आता तिची गादी चालवते.

यातल्या काही गाड्या गुजरातेतून सेकंड हॅन्ड येतात, पेट्रोल आणि सीएनजी अशा दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या. तिकडे गॅस जागोजाग मिळतो. इकडे रोजच्या वाटेवर गॅस नसला की मागची टाकी नुसती जागा अडवते. मग मालक म्हणतो, "काढून टाका, नुसती पेट्रोलवर चालू द्या." आणि गॅरेजमधून उत्तर येते, "कॉम्प्युटरही बदलावा लागेल."

माझ्या भाच्यालाही हेच उत्तर मिळाले. गाडीवर त्याचे पोट, त्यात लग्नसराई तोंडावर आणि कॉम्प्युटरचा खर्च पाच आकडी. "मामा, व्याजाने पैसे काढू का?" असे त्याने विचारले, म्हणून मी या प्रकरणात शिरलो.

वाचकहो, इंजिनच्या या कॉम्प्युटरला ईसीएम म्हणतात. हवा किती आली, इंजिन किती तापले, पाय किती दाबला, धुरात ऑक्सिजन किती उरला, हे सेन्सरकडून कळले की पेट्रोल किती सोडायचे आणि ठिणगी केव्हा पाडायची हे तो ठरवतो. बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटमध्ये गॅसचा वेगळा छोटा कॉम्प्युटर असतो. तो पेट्रोलच्या इंजेक्टरच्या वायरी मधेच अडवतो, मूळ ईसीएमचा हुकूम ऐकतो आणि तेवढ्या हिशेबाने गॅस सोडतो. इंजेक्टर जोडलेलेच आहेत असे तो मूळ ईसीएमला भासवतही राहतो. म्हणजे मूळ ईसीएम पेट्रोलचा तो पेट्रोलचाच राहतो. किट काढल्यावर तो बदलण्याचे कारणच काय?

कंपनीतूनच सीएनजी होऊन आलेल्या गाडीची गोष्ट निराळी. 2010 पासून मारुतीने अशा गाड्यांत एकमेकांवर अवलंबून असणारे दोन कॉम्प्युटर दिले. त्यातला एक काढला, गॅसच्या दाबाचा सेन्सर काढला, तर दुसरा तक्रार करू शकतो आणि चेक लाइट लागतो. तिथे पेट्रोल मॉडेलचा ईसीएम घालण्याची वेळ येऊ शकते. पण त्यावरचा पार्ट नंबर गाडीचे मॉडेल, साल आणि इंजिनशी जुळला पाहिजे. इमोबिलायझर असेल तर किल्लीची ओळखही नव्याने पटवावी लागते, नाहीतर भंगारातून आणलेला कॉम्प्युटर बसेल, पण गाडी सुरू होणार नाही.

भाच्याच्या गाडीचे आरसी बुक पाहिले. किट नंतर बसवलेले होते. बुऱ्हाणपूरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने स्कॅनर लावला. एका सिलिंडरच्या इंजेक्टरचे सर्किट तुटल्याचा कोड निघाला. किट काढताना कापलेली वायर नीट जोडलीच नव्हती. शिवाय गॅसच्या नोझलसाठी मॅनिफोल्डला पाडलेल्या चार भोकांपैकी एक नीट बुजवलेले नव्हते. तिथून न मोजलेली हवा आत जात होती. वायरीला डाख, भोकाला बूच, जुने कोड पुसले, आणि इंजिन सुतासारखे सरळ झाले. ईसीएम जुनाच.

आणखी एक गोष्ट पाहावी. गॅस सावकाश जळतो, म्हणून काही किटमध्ये ठिणगी लवकर पाडणारा एक डबा असतो. तो तसाच राहिला तर पेट्रोलवर इंजिन ठोके देते. वर्षानुवर्षे गॅसवरच चाललेल्या गाडीचा पेट्रोल पंप, फिल्टर आणि इंजेक्टरही तपासून घ्यावेत.

सीएनजीच्या टाकीत सुमारे 200 बारचा दाब असतो. घराच्या अंगणात पाना लावण्याचे ते काम नव्हे. जाणत्या, अधिकृत माणसाकडूनच ती रिकामी करून काढावी. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे इंधनातला बदल आरसीवर नोंदवावा, विमा कंपनीलाही कळवावे. अपघात झाला आणि कागद एक बोलला, गाडी दुसरे, तर भरपाईसाठी हेलपाटे घरच्यांनाच घालावे लागतात.

तेव्हा गॅरेजवाल्याने "कॉम्प्युटर गेला" म्हटले की तीनच प्रश्न विचारा: किट कंपनीचे की बाहेरचे? स्कॅनरवर कोड कोणता आला? वायरी आणि हवेची गळती तपासली का? या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत खिशात हात घालू नका.