छत्तीस तासांनंतर काय?

मार्च २०१८ मध्ये व्हॅटिकनमध्ये पहिली हॅकेथॉन भरली. १२० विद्यार्थ्यांनी ३६ तासांत स्थलांतरित, सामाजिक समावेश व आंतरधर्मीय संवाद या विषयांवर संगणकीय उपाय रचले. आमच्या धर्मग्रामांतील तरुणांनीही असे उपक्रम अवश्य करावेत. मात्र आधी धाराशिव जिल्ह्यातील अणदूरचा अनुभव समजून घ्यावा. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्याच चळवळीतून उभ्या राहिलेल्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने तेथे खेड्यांतील अल्पशिक्षित स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून घडविले. साधने साधीच, पण अपरात्री जिचे दार ठोठावता येईल, अशी बाई गावात तयार झाली. हे छत्तीस तासांचे काम नव्हे. म्हणून स्पर्धेच्या बक्षिसाची निम्मी रक्कम वर्षभराने, गावातील बायकांना विचारूनच द्यावी, असे आम्हांस वाटते.