रानातल्या मुक्कामाला आडोसा



पौष लागला, की घरातले एखादे माणूस तरी रात्री रानात मुक्कामाला असते. हरभऱ्याची राखण असते, गव्हाला रात्रीचे पाणी धरायचे असते. खोप असली तरी वारा अंगाला झोंबतोच. म्हणून या वेळी आडोशाविषयी चार गोष्टी सांगतो.

आधी माझीच फजिती ऐका. एका साली मी नवी ताडपत्री दोन मेढींना ताणून बांधली. भिंतच जणू! मध्यरात्री वारा सुटला, ताडपत्री शिडासारखी फुगली आणि एक मेढ उपसून शेकोटीपाशी कोसळली. धाकटा मुलगा शेजारीच घोंगडीत झोपला होता. हाताला धरून ओढला म्हणून बचावला. आमच्या रानात मेंढरे बसवायला आलेले म्हातारे धनगरबाबा सकाळी म्हणाले, "वाऱ्याला अडवू नये मालक, गाळून घ्यावं."

या बोलण्यात शास्त्र आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा रेटा चौपट होतो. भरीव भिंतीवरून वारा उसळतो आणि पलीकडे भोवऱ्यासारखा खाली येतो. निम्मा उघडा आडोसा मात्र त्याला मंद करून सोडतो. पाच फूट उंचीच्या अशा आडोशामागे पंधरा-वीस फुटांपर्यंत चांगली ऊब राहते.

यासाठी तुराट्यांसारखे दुसरे साधन नाही. तूर झोडपल्यावर त्या घरच्याच असतात. पऱ्हाटीही चालते. त्यांचा कूड असा विणा, की पलीकडचा उजेड दिसावा, पण माणूस ओळखू येऊ नये. ताडपत्री खोपीच्या छपरालाच ठेवा.

थंडीतला वारा आपल्याकडे बहुधा उत्तरेकडून किंवा पूर्वेकडून येतो. तरी डोंगर, नाला त्याला वळवतात. म्हणून संध्याकाळी मूठभर माती उधळून दिशा पाहा. नाल्याच्या खोलगटात मुक्काम नको. रात्री गार हवा तिथेच साचते.

मेढी पहारीने दीड-दोन फूट खोल पुरा आणि माती ठोकून घट्ट करा. कूड मेढींच्या वाऱ्याकडील अंगाला बांधा, म्हणजे वारा त्याला मेढींवरच दाबून धरील. वाऱ्याकडे दोर ताणून खुंट्या उलट्या कलत्या ठोका. कुडाची दोन्ही टोके चंद्रकोरीसारखी आत वळवा, नाही तर वारा कडेने शिरतो.

आता विस्तवाचे. शेकोटी कुडापासून व अंथरुणापासून दहा-बारा फूट दूर, वारा जिकडे जातो त्या बाजूला असावी. तिच्यापुढे कडब्याची गंजी नसावी. निजण्यापूर्वी तिच्यावर पाणी ओता. बंद खोपीत पेटती शेगडी घेऊन कधीही झोपू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेला माणूस उठतच नाही.

शेवटी एक विनंती. तुमच्या शिवारात ऊसतोडीची माणसे कोप्या घालून उतरली असतील, तर त्यांच्यात तान्ही लेकरेही असतात. तुराट्यांचे दोन भारे त्यांना द्या. आपल्याला ते सरपण, त्यांच्या बाळाला ती रात्रीची ऊब.